गढूळ पाण्यापासून केशनलिकेपर्यंत

आषाढांतील पहिल्या मोठ्या पावसानंतर पूर्णेला पूर येतो आणि जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यांतील टेंभुर्णीसारख्या गांवीं ओढ्या-विहिरींचें पाणी गढूळ होतें. अशा वेळीं घरांतील वडील बाई तुरटीचा खडा घागरींत दोन-चार वेळां फिरविते. घटकाभरांत गाळ तळाशीं बसतो व वर नितळ पाणी राहतें. तुरटी न मिळाल्यास निवळीचें बीं उगाळून पाण्यांत घालण्याची चाल फार जुनी आहे; सुश्रुतसंहितेंत 'कतक' या नांवानें त्याचा उल्लेख आढळतो. ही रीत सर्वांस ठाऊक असते. तिच्या मागील कारण मात्र थोड्यांसच ठाऊक असतें.

मातीचे अति सूक्ष्म कण पाण्यांत दिवसचे दिवस तरंगत राहतात, याचें कारण असें कीं, प्रत्येक कणावर ऋण विद्युतेचा अल्पसा भार असतो. सारख्याच जातीचा भार असलेले कण एकमेकांस दूर लोटतात, आणि म्हणून ते एकत्र येऊन जड होऊं शकत नाहींत. तुरटींत अॅल्युमिनियम हा धन भाराचा पदार्थ असतो. तो कणांवरील ऋण भार मारून टाकतो, मग कण एकमेकांस बिलगतात आणि खालीं बसतात. म्हणजे घागरींतील गाळसुद्धां विजेच्या आज्ञेंत असतो! या एका साध्या गोष्टीवर पुढें एक सबंध शास्त्र उभें राहिलें, आणि त्या शास्त्राच्या निवाड्यावर आज विदर्भांतील व सातपुड्यांतील असंख्य घरांचें सुखदुःख अवलंबून आहे. तो निवाडा मनुष्याच्या हातीं कसा आला, याचा हा इतिहास आहे.

इटालियन पंडित व्होल्टा यानें १८०० सालीं विजेची पहिली घटमाला तयार केली. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनीं, म्हणजे १८०९ सालीं, मॉस्को येथील विश्वविद्यालयांतील फर्डिनांड रॉयस नांवाच्या अध्यापकाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यानें ओल्या चिकणमातीच्या गोळ्यांत दोन कांचेच्या नळ्या खोंवल्या, त्यांत पाणी भरलें आणि घटमालेच्या दोन तारा दोन नळ्यांत सोडल्या. थोड्या वेळानें धन तारेच्या नळींतील पाणी मातीनें गढूळ होऊं लागलें. ऋण तारेच्या नळींतील पाणी स्वच्छच राहिलें, परंतु त्याची पातळी वर चढली. मातीचे कण एका दिशेस गेले व पाणी उलट दिशेस गेलें. एकाच प्रयोगांत दोन निरनिराळ्या गोष्टी दृष्टीस पडल्या होत्या. कणांच्या प्रवासास पुढें 'इलेक्ट्रोफोरेसिस' हें नांव मिळालें. मराठींत त्यास विद्युत्-विलगीकरण म्हणतां येईल. पाण्याच्या त्या उलट प्रवाहाची गोष्ट मात्र श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी. पावणेदोनशें वर्षांनंतर ती पुन्हां उपयोगास येणार आहे.

जी गोष्ट मातीच्या कणाची, तीच रक्तांतील प्रथिनांची. प्रथिनांच्या कणावरही विजेचा भार असतो आणि प्रत्येक प्रथिनाचा भार वेगळा असतो. ज्याचा भार अधिक तो वेगानें धांवेल, ज्याचा कमी तो मागें राहील. अर्थात् विजेच्या ओढीनें मिश्रणांतील पदार्थ शर्यतींतील घोड्यांप्रमाणें वेगळे होतील, हा तर्क सोपा आहे. परंतु तो प्रत्यक्षांत आणण्यास स्वीडन देशांतील आर्ने टिसेलियस याचें सारें तारुण्य खर्चीं पडलें. उप्साला येथें तो स्वेडबर्ग या विख्यात रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखालीं काम करीत असे. वीज वाहिली कीं पाणी तापतें, तापलेलें पाणी वर येतें, थंड पाणी खालीं जातें, आणि वेगळे झालेले पदार्थ पुन्हां एकमेकांत मिसळतात, ही खरी अडचण होती. पाणी चार अंशांच्या आसपास सर्वांत घन असतें व तेथें उष्णतेच्या लहान फरकानें त्याची घनता फारशी बदलत नाहीं, हें हेरून टिसेलियसनें आपली नळी त्या थंडाव्यांत ठेविली. १९३७ सालीं त्यानें आपलें नवें यंत्र जगापुढें मांडलें. रक्तद्रवांत आल्ब्युमिन आणि आल्फा, बीटा व गॅमा अशीं तीन प्रकारचीं ग्लोब्युलिन असतात, हें त्या यंत्रानें दाखविलें. तीं नांवें आजही वैद्यकांत रूढ आहेत.

१९४८ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक टिसेलियस यास मिळालें. त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्याच्या १७ तारखेस निजामाचें राज्य संपून मराठवाडा मुक्त झाला. त्या वेळीं टेंभुर्णीच्या परिसरांत या शोधाची वार्ता कोणाच्या कानीं गेली असेल, असें संभवत नाहीं. तथापि पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत जो प्रयोग झाला त्याचा संबंध मात्र थेट मराठी मुलुखाशीं येऊन पोंचला.

शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यानें १९१० सालीं एका रोग्याच्या रक्ताचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. त्या रक्तांतील तांबड्या पेशी नेहमींप्रमाणें वाटोळ्या नव्हत्या. कित्येक पेशी विळ्यासारख्या वांकड्या होत्या. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, अंगांत असह्य कळा येतात, रक्त कमी होतें आणि लहान मुलें साध्या तापानेंही दगावतात. हाच तो सिकलसेलचा रोग. त्याचें मूळ कशांत आहे, हें चाळीस वर्षें कोणास कळलें नव्हतें. कॅलिफोर्नियांतील लायनस पॉलिंग यास शंका आली कीं, दोष पेशींत नसून पेशींतील तांबड्या द्रव्यांत, म्हणजे हीमोग्लोबिनांतच असावा. तें पडताळण्याचें काम त्याच्या हाताखालच्या हार्वे इटानो यानें हातीं घेतलें. हा तरुण जपानी वंशाचा. एवढ्याच कारणास्तव महायुद्धाच्या काळांत अमेरिकेच्या सरकारनें त्यास छावणींत डांबलें होतें. इटानो, सिंगर व वेल्स या तिघांनीं पॉलिंगसह टिसेलियसच्या पद्धतीनें निरोगी मनुष्याचें व रोग्याचें हीमोग्लोबिन विजेच्या शर्यतींत उतरविलें, आणि दोहोंचा वेग वेगळा निघाला! रोग्याच्या आईबापांसारखीं जीं माणसें स्वतः निरोगी असतात, त्यांच्या रक्तांत तर दोन्ही प्रकारचीं हीमोग्लोबिनें आढळलीं. १९४९ च्या नोव्हेंबरांत हा निबंध प्रसिद्ध झाला. एखाद्या रोगाचें मूळ एका रेणूंतील दोषांत असतें, हें मनुष्यजातीस तेव्हां प्रथम निश्चित कळलें.

हा दोष किती लहान असावा? केंब्रिज येथील व्हर्नन इंग्राम यानें १९५६-५७ सालीं त्याचा थांग लावला. हीमोग्लोबिनाच्या बीटा नांवाच्या सांखळींत १४६ दुवे असतात. त्यांपैकीं सहाव्या दुव्याच्या जागीं ग्लुटामिक अॅसिड असावयाचें, तेथें व्हॅलिन येऊन बसलेलें असतें, एवढाच काय तो फरक. ग्लुटामिक अॅसिडावर ऋण भार असतो, व्हॅलिनावर भार नसतो. प्रत्येक हीमोग्लोबिनांत अशा दोन सांखळ्या असल्यामुळें दोन ऋण भार कमी होतात, आणि तें हीमोग्लोबिन धन टोंकाकडे धांवतांना मागें पडतें. दोन भारांची ही उणीव डोळ्यांस दिसणें अशक्य. विजेला मात्र ती तात्काळ कळते.

हिंदुस्थानांत हा रोग आहे, हें १९५२ सालीं लेमन व कटबुश यांनीं निलगिरींतील आदिवासींचें रक्त तपासून दाखविलें. त्यानंतर महाराष्ट्राची पाळी आली. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्यें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखालीं संशोधकांची एक पिढी तयार झाली होती. तेथील सुकुमारन, संघवी व व्यास यांनीं १९५६ सालीं पश्चिम हिंदुस्थानांतील कांहीं आदिवासी जमातींत हा दोष असल्याचें प्रसिद्ध केलें. १९५८ सालीं शुक्ला व सोळंकी यांनीं मध्य हिंदुस्थानांतील, म्हणजे नागपुराकडील, लोकांविषयीं तोच निष्कर्ष मांडला. पुढें पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉ. सुदाम काटे यांनीं अनेक वर्षें पाड्यापाड्यांतून हिंडून रक्ताचे नमुने गोळा केले. २०१९ सालीं त्यांस पद्मश्री देण्यांत आली. या सर्व श्रमांतून महाराष्ट्राचें चित्र स्पष्ट झालें. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया, मेळघाट आणि नंदुरबार या पट्ट्यांत हा दोष विशेष असून, कांहीं जमातींत शेंकडा ३५ पर्यंत माणसें त्याचीं वाहक आहेत. एकेकाळीं या रानावनांत हिंवतापाचें थैमान असे. वाहकास प्राणघातक हिंवतापापासून कांहीं संरक्षण मिळतें, हें अॅलिसन यानें १९५४ सालीं आफ्रिकेंत दाखविलें होतें. म्हणूनच हा दोष पिढ्यान् पिढ्या टिकून राहिला.

येथें विलगीकरणाच्या साधनांत झालेली सुधारणा ध्यानांत घेतली पाहिजे. टिसेलियसचें यंत्र अवाढव्य व महाग होतें. तें घेऊन मेळघाटांत जाणें शक्यच नव्हतें. १९५० च्या सुमारास साध्या गाळणकागदाच्या पट्टीवर हेंच काम होऊं लागलें. टोरंटो येथील ऑलिव्हर स्मिथीज यास कागद समाधानकारक वाटेना. लहानपणीं आई कपड्यांस घालण्यासाठीं खळ करीत असे आणि ती थंड झाली कीं घट्ट होई, याची त्यास आठवण झाली. १९५५ सालीं त्यानें पिठुळ पदार्थाच्या त्या लगद्यांतूनच प्रथिनें पळविलीं. १९५७ सालीं कोन यानें सेल्युलोज अॅसिटेटच्या पट्ट्या प्रचारांत आणल्या. त्या स्वस्त असून काम लवकर करीत. पट्टीवर निरोग्याचा एक पट्टा उमटतो. वाहकाचे दोन उमटतात. रोग्याचा एकच, परंतु मागें राहिलेला. नुसत्या विद्राव्यतेच्या साध्या चाचणीनें दोष आहे कीं नाहीं एवढेंच कळतें. मनुष्य वाहक आहे कीं रोगी, हें कळत नाहीं. तें पट्टी सांगते.

हा भेद घरादारांच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे. वाहक मनुष्य शेतांत राबतो, लग्न करतो, म्हातारा होतो. त्यास रोगी म्हणणें चूक आहे. परंतु नवरा-बायको दोघेंही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणीं मूल रोगी होण्याचा संभव शेंकडा २५, वाहक होण्याचा शेंकडा ५० आणि सर्वस्वी निर्दोष होण्याचा शेंकडा २५ असतो. येथें एक गैरसमज वारंवार आढळतो. एक मूल आजारी जन्मलें म्हणजे पुढचीं तीन निरोगी होणार, असें कित्येकांस वाटतें. तसें नाहीं. मागच्या मुलाचें काय झालें, याची निसर्ग आठवण ठेवीत नाहीं. दरवेळीं फांसे नव्यानेंच पडतात. सोयरीक परिचित गोतांतच जुळविण्याची आपली चाल असल्यामुळें दोन वाहकांची गांठ पडण्याचा संभव अशा समाजांत अधिक असतो.

आतां केशनलिकेकडे वळूं. कागद झाला, खळ झाली, तरी उष्णतेची जुनी अडचण पुरती सुटली नव्हती. वीज जोरानें वाहवावी तर पाणी तापतें; हळू वाहवावी तर कामास तासांमागून तास लागतात. टिसेलियसचाच शिष्य स्टेलान येर्टेन यानें १९६७ सालीं सुमारें तीन मिलिमीटर व्यासाची नळी सतत फिरती ठेवून कांहीं मार्ग काढला. खरा उपाय मात्र त्याहून सोपा होता. भाकरी पातळ थापली कीं लवकर निवते. त्याचप्रमाणें नळी जितकी बारीक तितकी उष्णता तिच्या भिंतींतून लवकर बाहेर पडते. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना विश्वविद्यालयांत जेम्स जॉर्गेन्सन व क्रिन लुकाच यांनीं १९८१ सालीं ७५ मायक्रोमीटर, म्हणजे साधारण मनुष्याच्या केसाएवढ्या, पोकळीची कांचनळी घेतली आणि तिच्या टोंकांमध्यें तीस हजार व्होल्टपर्यंत दाब लावला. पाणी उकळलें नाहीं. पदार्थ इतके स्वच्छ वेगळे झाले कीं, त्यापूर्वीं तसें क्वचितच कोणीं पाहिलें होतें. केशनलिका-विलगीकरणाचा खरा आरंभ येथून झाला असें मानतात.

या केशनलिकेंत रॉयसच्या प्रयोगांतील ती दुसरी गोष्ट, म्हणजे पाण्याचा उलट प्रवाह, पुन्हां प्रगट होतो. कांचेच्या आंतल्या भिंतीवर मातीप्रमाणेंच ऋण भार असतो. त्याच्या ओढीनें पाण्यांतील धन कण भिंतीलगत जमतात, आणि वीज सोडली कीं ते ऋण टोंकाकडे निघतात व सर्व पाण्यास सोबत नेतात. पिचकारीनें लोटलेलें पाणी नळीच्या मध्यभागीं वेगानें व कडेला सावकाश जातें, त्यामुळें पदार्थांच्या रेषा फिस्कटतात. विजेनें ओढलेलें पाणी मात्र सरळ रांगेंत चालणाऱ्या पलटणीसारखें समान गतीनें सरकतें. या प्रवाहामुळें धन भाराचे, बिनभाराचे व ऋण भाराचे असे सर्व पदार्थ एकाच टोंकाशीं क्रमाक्रमानें पोंचतात. तेथें प्रकाशाचा झोत ठेवलेला असतो. जो पदार्थ त्याच्या पुढून जातो तो प्रकाश अडवितो आणि त्याची नोंद यंत्र आलेखावर करतें. नमुना इतका थोडा पुरतो कीं, रक्ताच्या एका थेंबाचा हजारावा अंशही नळींत शिरत नाहीं. पुढें जपानांतील शिगेरु तेराबे यानें १९८४ सालीं या पाण्यांत साबणासारखे पदार्थ मिसळले. साबण जसा तेलकटपणा पकडतो तसा तो बिनभाराच्या पदार्थांस पकडतो, त्यामुळें त्यांनाही वेगळें करणें साधलें. १९९८ नंतर एकाच यंत्रांत ९६ केशनलिका एकत्र बसविण्यांत आल्या, आणि २००३ सालीं पूर्ण झाल्याचें जाहीर झालेलें मनुष्याच्या आनुवंशिक लिपीचें वाचन मुख्यतः अशा यंत्रांच्याच बळावर पार पडलें.

सिकलसेलच्या परीक्षेंतही केशनलिकेनें एक जुना दोष दूर केला आहे. पंजाबकडे विशेष आढळणारें 'डी' जातीचें हीमोग्लोबिन क्षारयुक्त पट्टीवर सिकलसेलच्या हीमोग्लोबिनाच्या जागींच येऊन थांबतें, आणि एकाच्या ऐवजीं दुसरें समजण्याचा धोका राहतो. केशनलिकेंत दोघांच्या जागा वेगळ्या पडतात. नवजात मुलाच्या रक्तांत बालपणींचें हीमोग्लोबिनच फार असतें; त्यामुळें विद्राव्यतेची चाचणी तेथें फसते, पण केशनलिका तो थोडासा दोषही दाखवूं शकते. जन्मतःच रोग कळला तर पेनिसिलिन देऊन जंतुदोषापासून मूल वांचवितां येतें, आणि पुढें हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधानें कळांचे झटके कमी करतां येतात. तथापि यंत्र कितीही सूक्ष्म असलें तरी तें रोग्याचा वृत्तांत जाणत नाहीं. नुकतेंच दुसऱ्याचें रक्त चढविलेल्या रोग्याची परीक्षा केली, तर दात्याचें हीमोग्लोबिनही आलेखांत उमटतें व रोगी वाहकासारखा दिसूं शकतो. म्हणून तपासणीपूर्वीं रक्त चढविल्याची हकिकत सांगणें हें रोग्याच्या आप्तांचें काम आहे.

२०२३ सालच्या जुलै महिन्याच्या १ तारखेस मध्यप्रदेशांतील शहडोल येथें सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला. १७ राज्यांतील सात कोटि माणसांची, शून्य ते चाळीस वर्षें वयापर्यंतची, तपासणी करावयाची आणि २०४७ पर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनें नाहींसा करावयाचा, असा तिचा संकल्प आहे. प्रथम साधी चाचणी, आणि जेथें शंका असेल तेथें विलगीकरणाची परीक्षा, असा साधारण क्रम असतो. संकल्प मोठा आहे. परंतु तो केवळ यंत्रांनीं तडीस जाणार नाहीं.

खेड्यापाड्यांतून एक अन्याय होण्याची भीति असते. मुलीच्या कागदावर 'वाहक' हा शब्द दिसला कीं तिची सोयरीक मोडावयाची, आणि मुलाच्या रक्ताची मात्र तपासणीच करावयाची नाहीं! विज्ञानाच्या नांवाखालीं असा व्यवहार झाला, तर ज्या पट्टीनें घर वांचवावयाचें तीच पट्टी घर मोडण्यास कारण होईल. दोष आईकडून जितका येतो तितकाच बापाकडून येतो. तपासणी व्हावयाची तर दोघांची व्हावी. दोघांपैकीं एकच वाहक असेल व दुसरें सर्वस्वी निर्दोष असेल, तर मुलांस हा रोग होण्याचें भय नसतें. तेथें लग्न मोडण्याचें कारणच उरत नाहीं. दोघेही वाहक असले, तरी काय करावें हें वैद्याच्या सल्ल्यानें त्या दोघांनीं ठरवावें, गांवानें ठरवूं नये. आणि ज्यांच्या घरीं आजारी मूल आहे त्यांनीं तें पूर्वजन्मींचें पाप मानून खचून जाऊं नये. सांखळीच्या १४६ दुव्यांपैकीं एक दुवा बदलला, इतकेंच तेथें घडलेलें असतें.

रॉयसचा मातीचा गोळा, टिसेलियसची थंड नळी, स्मिथीजच्या आईची खळ आणि जॉर्गेन्सनची केसाएवढी केशनलिका हीं एकाच ज्ञानाचीं चार पावलें आहेत. तुरटी फिरविणाऱ्या गृहिणीला तें ज्ञान शब्दांत ठाऊक नव्हतें. पण गाळ व पाणी वेगळें करून मुलांबाळांस स्वच्छ पाणी पाजावें, हा तिचा हेतु होता. रक्तांतील दोष वेगळा ओळखण्याच्या या विद्येचा हेतुही तोच राहिला, तर ती विद्या मराठी मुलुखांत सफल झाली असें म्हणतां येईल.